चेस्टनटला चीर दिल्याशिवाय मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तीन आठवड्यांपूर्वी आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘घरच्या घरी गोड भाजके चेस्टनट, फक्त पाच मिनिटांत’ ही पाककृती छापून आली होती. सात ओळींची होती. चेस्टनट म्हणजे एका मोठ्या वृक्षाचं, तपकिरी टरफलाचं पिठूळ फळ. पंधरा-सोळा चेस्टनट धुवा, साखरेच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटं फिरवा आणि गरमागरम सोलून खा. टरफलाला चीर द्यायची असते, हे त्या सात ओळींत कुठंही नव्हतं. कात्रण माझ्यासमोर आहे आणि मी ते चार वेळा वाचून खात्री करून घेतली आहे.

माझ्या थोरल्या बहिणीनं ते कात्रण फ्रिजच्या दाराला लावलं आणि लिहिलं होतं तसंच, एक अक्षर इकडेतिकडे न करता केलं. तिसऱ्या मिनिटाला मोठा आवाज झाला. काचेचं भांडंच तडकलं असं ताईला वाटलं. तिनं मशीन थांबवून दार उघडलं तर एक चेस्टनट फुटून आत सगळीकडे उडाला होता, बाकीचे धड दिसत होते. तिनं बशी ओट्यावर आणून ठेवली आणि त्यातला एक उचलला. तो तिच्या हातात फुटला. उजव्या हाताची तीन बोटं आणि हनुवटी भाजली. डोळे वाचले ते चष्म्यामुळे. चष्म्याच्या एका काचेवर पिठूळ गराचा थर चिकटून बसला होता. तिचा सात वर्षांचा नातू त्या वेळी ओट्यापासून दोन हातांवर, ‘मला पहिला’ म्हणत उभा होता.

फोड आता सुकले आहेत. ताईनं मला पत्र लिहू नकोस म्हणून सांगितलं होतं, ‘चूक माझीच असेल’ म्हणाली. तिची चूक नव्हती. छापलेलं तिनं केलं. म्हणूनच हे पत्र लिहिते आहे.

मी ३१ वर्षं शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेत सहायक म्हणून काम केलं. वर्षाच्या पहिल्या तासाला आठवीच्या मुलांना मी एक गोष्ट न चुकता सांगत असे: तोंड बंद असलेली परीक्षानळी तापवायची नाही. चेस्टनट ही निसर्गानं तोंड बंद करून दिलेली परीक्षानळीच आहे. त्याचं बाहेरचं टरफल चिवट आणि गुळगुळीत असतं, त्याच्या आत गराला घट्ट चिकटलेला तपकिरी पापुद्रा असतो, आणि गरात निम्मं पाणी असतं. बदाम-अक्रोडासारखं हे तेलकट फळ नाही. कच्च्या चेस्टनटच्या १०० ग्रॅममध्ये स्निग्धांश जेमतेम सव्वादोन ग्रॅम, पिष्टमय भाग ४५ ग्रॅमच्या आसपास आणि पाणी ४८-४९ ग्रॅम. मक्याच्या दाण्यात १४ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि तेवढ्यावर त्याची लाही फुटते. इथं त्याच्या तिप्पटीहून जास्त पाणी आहे, आणि दाणाही कितीतरी मोठा.

एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली की मोकळ्या हवेत ती सुमारे १.७ लिटर जागा घेते. टरफलाच्या आत तेवढी जागा नसते, म्हणून दाब वाढतो. दाब वाढला की पाणी १०० अंशांच्या पुढे जाऊनही पाणीच राहतं. प्रेशर कुकरमध्ये १२० अंशांपर्यंत हेच चालतं. कुकरला शिट्टी असते. चेस्टनटला ती आपण द्यायची, सुरीनं. ती दिली नाही तर टरफल जिथं कमकुवत असेल तिथं, त्याला वाटेल त्या क्षणी उघडतं, आणि मग आतलं सगळं जादा तापलेलं पाणी एकदम वाफ होऊन गराला घेऊन बाहेर येतं.

हा क्षण मशीन चालू असतानाच येईल असं नाही. ताईच्या बाबतीत सर्वांत घातक ठरलं ते हेच. मशीन बंद झालं, दार उघडलं, म्हणजे आता धोका टळला असं कुणालाही वाटेल. पण आतलं पाणी अजून जादा तापलेलंच असतं, आणि बोटांचा नुसता दाब किंवा बशीचा धक्का टरफल उघडायला पुरतो. उकडलेलं अंडं मायक्रोवेव्हमध्ये पुन्हा गरम केलं तर असंच होतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या अकूस्टिकल सोसायटीच्या (ध्वनिशास्त्राच्या संस्थेच्या) परिषदेत यावरचे प्रयोग मांडले गेले होते. काही अंडी आत शांत राहिली आणि बाहेर काढून टोचल्यावर फुटली. मुळात मायक्रोवेव्हची सुरुवातच अशा गोष्टींनी झाली. १९४५ साली रेथिऑन कंपनीत रडारवर काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातली मिठाई वितळली, मग त्यांनी मक्याचे दाणे ठेवून पाहिले, आणि त्यानंतर ठेवलेलं अंडं फुटलं असं सांगतात. म्हणजे टरफल असलेली वस्तू या लहरींत फुटते, हे त्या यंत्राच्या जन्मापासून माहीत आहे. तुमच्या पाककृतीत ते यायला हवं होतं.

आता त्या पाच मिनिटांबद्दल. पाच मिनिटं म्हणजे किती उष्णता? ६०० वॅटच्या मशीनमध्ये पाच मिनिटांत १८० किलोज्यूल, १००० वॅटच्या मशीनमध्ये ३००. दोनशे ग्रॅम चेस्टनट खोलीच्या तापमानापासून १०० अंशांवर न्यायला ५० किलोज्यूल पुरेत. उरलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते, आणि एका ग्रॅमला लागतात २.२६ किलोज्यूल. कागदावर हिशेब केला तर १००० वॅटच्या मशीनमधले उरलेले २५० किलोज्यूल ११० ग्रॅम पाण्याची वाफ करतील, आणि त्या दोनशे ग्रॅम चेस्टनटमध्ये एकूण पाणीच शंभर ग्रॅमच्या आत आहे! प्रत्यक्षात सगळी उष्णता त्यांना लागत नाही हे खरं, पण ‘पाच मिनिटं’ या दोन शब्दांत केवढा फरक लपतो ते यावरून दिसेल. एका घरी ते चेस्टनट शिजतील, दुसऱ्या घरी लाकडासारखे कडक होतील.

मशीनच्या मागच्या पट्टीवर दोन आकडे असतात. मोठा असतो तो वीज किती खातं त्याचा. आपल्याला हवा असतो लहान, पदार्थाला किती मिळते त्याचा. पट्टी पुसली गेली असेल तर घरीच मोजता येतं. मोठ्या काचेच्या भांड्यात एक लिटर गार पाणी घ्या, तापमान बघा, पूर्ण ताकदीवर दोन मिनिटं ठेवा, ढवळून पुन्हा बघा. जितके अंश वाढले त्याला ३५ नं गुणा. वीस अंश वाढले तर तुमचं मशीन ७०० वॅटचं. ताईचं मी असंच मोजलं, ८०० च्या थोडं वर निघालं.

या तीन आठवड्यांत मी सहा वेळा चेस्टनट केले. खरं तर मला ते आधीपासून फार आवडतात. तो कोवळ्या रताळ्यासारखा पण त्याहून भरीव गर, सोलताना हाताला येणारा तो गोड वास. ताईलाही म्हणूनच ते करावेसे वाटले. तेव्हा फक्त तक्रार करून थांबावं असं मला वाटत नाही. ज्यांनी ते कात्रण जपून ठेवलं असेल त्यांनी त्याच्या शेजारी हे चिकटवावं.

आधी फळ पाहून घ्या. हातात जड लागलं पाहिजे, टरफल दाबल्यावर आत दबलं तर ते वाळलेलं आहे. बारीक गोल भोक म्हणजे अळी आत राहून बाहेर पडलेली. पाण्यात टाका, तरंगतील ते बहुतेक किडके किंवा सुकलेले असतात, ते बाजूला काढा. झाडाखालचे वेचून आणणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची: हॉर्स चेस्टनट नावाचं एक वेगळंच झाड आहे, त्याच्या बिया दिसायला चेस्टनटसारख्याच तपकिरी चकचकीत, पण विषारी, आणि भाजून ते विष जात नाही. खाण्याच्या चेस्टनटला एका बाजूला टोक असतं आणि टोकावर वाळक्या धाग्यांची छोटी शेंडी. हॉर्स चेस्टनट गोलसर, त्याला टोक नाही. खाण्याच्या चेस्टनटचं बाहेरचं कवच सुयांसारख्या काट्यांनी गच्च भरलेलं, दुसऱ्याचं विरळ, आखूड काट्यांचं. आणि आपल्या पाककृतीत शीर्षकाखाली कंसात ‘शिंगाडे’ असंही छापलं होतं. शिंगाडा पाण्यात वाढणाऱ्या वनस्पतीचं फळ आहे, चेस्टनट मोठ्या वृक्षाचं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

चीर कुठं आणि किती खोल, यावर सगळं अवलंबून आहे. चेस्टनटची एक बाजू सपाट असते, एक फुगीर. सपाट बाजू पाटावर टेकवा म्हणजे तो घरंगळणार नाही, आणि फुगीर पाठीवर आडवी चीर द्या, एका कडेपासून जवळजवळ दुसऱ्या कडेपर्यंत. दातेरी सुरी वापरा. साधी सुरी त्या गुळगुळीत टरफलावरून घसरते आणि मग वेगळीच जखम होते. चीर टरफलातून आणि आतल्या पापुद्र्यातूनही गेली पाहिजे, फिकट पिवळा गर दिसला पाहिजे. सुईनं टोचलेलं भोक पुरत नाही, गर फुगला की ते बुजतं. मी चिरा देऊन झाल्यावर सगळे पुन्हा एकदा मोजते, प्रत्येकाची चीर उजेडात बघते. सोळांतला एक विसरला तर तोच फुटणार.

चिरलेले चेस्टनट कोमट पाण्यात अर्धा तास ठेवते. त्यानं टरफल मऊ पडतं आणि नंतर चीर चांगली उमलते. मग निथळून, दोन मोठे चमचे साखर तीन चमचे पाण्यात विरघळवून त्यात घोळवते आणि काचेच्या पसरट भांड्यात एकाच थरात, चीर वर करून मांडते. प्लास्टिकचं भांडं नको. पाणी उडून गेलं की पाक शंभर अंशांच्या बराच पुढे तापतो. वर काचेचं झाकण, पण वाफ जायला फट ठेवून. ताईच्या मशीनमध्ये दोनशे ग्रॅमला पूर्ण ताकदीवर दोन मिनिटं, मग दार उघडण्याआधी अर्धं मिनिट थांबून हलवणं, पुन्हा दीड मिनिट. एक काढून, थोडा निवू देऊन, दाबून बघायचा. कच्चा असेल तर तीस-तीस सेकंद वाढवायचे. झाल्यावर मशीनचं दार बंदच ठेवून पाच मिनिटं थांबायचं. शेवटी झाकण काढून तीस-चाळीस सेकंद दिले की पाक टरफलाला चकाकी देऊन बसतो. या वेळी समोरून हलायचं नाही, साखर करपायला वेळ लागत नाही आणि करपली की कडू वास गरापर्यंत जातो.

सोलायचे मात्र गरम असतानाच. थंड झाले की तो पापुद्रा गराच्या सुरकुत्यांत रुतून बसतो आणि तुरट लागतो. म्हणून मी सगळे जाड पंच्यात गुंडाळून ठेवते आणि एकेक काढते. पंचा उष्णता धरून ठेवतो आणि चुकून एखादा उशिरा फुटला तर त्याच्यातच राहतो. सोलण्याचं काम चेस्टनटच्या जातीवरही असतं. चिनी चेस्टनटचा पापुद्रा सहज सुटतो, जपानी चेस्टनटचा फार चिवट. तिथल्या संशोधकांनी ‘पोरोतान’ नावाची जपानी जातच तयार केली, २००७ मध्ये तिची नोंदणी झाली. चीर देऊन तापवली की तिचा पापुद्राही टरफलाबरोबर निघतो. तिला देखील चीर द्यावीच लागते, हे मुद्दाम लिहिते.

गोडीबद्दल आपल्या पाककृतीत लिहिलं होतं, ‘साखर आत मुरते’. मी पडताळून पाहिलं. आठ अख्खे साखरेच्या पाण्यात, आठ अख्खे साध्या पाण्यात, दोन्ही तासभर. नंतर सगळ्यांना चिरा देऊन, धुऊन, वेगवेगळे शिजवले आणि ताईला डोळे मिटून चाखायला दिले. तिला फरक सांगता आला नाही. टरफल अखंड असताना साखर आत जातच नाही. चीर दिल्यावर घातलेली साखर चिरेच्या कडेला तेवढी लागते. चीनमध्ये रस्त्यावर मोठ्या कढईत गरम वाळू नाहीतर खडीबरोबर साखर घालून चेस्टनट परततात, त्यातही साखरेचं मुख्य काम टरफलावर पडतं: चकाकी, वास, बोटांना लागणारा चिकटपणा. जपानमध्ये हेच ‘तियानजिन’ या चिनी बंदराच्या नावानं विकले जातात, कारण चीनच्या हपै प्रांतातला माल त्या बंदरातून जहाजानं जायचा. ते गोड असतात ते मूळ फळ गोड असल्यामुळे.

फळ गोड करायचा उपाय आहे, पण तो पाच मिनिटांचा नाही. ताजा उतरवलेला चेस्टनट पिठूळ असतो. शून्य अंशांच्या आसपास, गोठू न देता, तीन-चार आठवडे ठेवला की त्यातल्या पिष्टाची हळूहळू साखर होते. घरच्या फ्रिजमध्ये सर्वांत थंड कप्प्यात, भोकं पाडलेल्या पिशवीत, कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा. ओल राहिली तर बुरशी येते, उघडे ठेवले तर वाळतात, म्हणून चार-पाच दिवसांनी कागद बदला. माझ्या सहा प्रयोगांतले शेवटचे दोन अशाच थंड ठेवलेल्या चेस्टनटचे होते आणि त्यात साखर न घालताही ते पहिल्यापेक्षा स्पष्ट गोड लागले.

आणि ‘भाजके’ म्हणायचं तर मायक्रोवेव्ह भाजत नाही, वाफवतो. भाजल्याचा वास हवा असेल तर शिजून झालेले, चीर उमललेले चेस्टनट जाड बुडाच्या कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता. मला तरी त्याशिवाय ते अपुरे वाटतात. रबराची ॲलर्जी असलेल्यांना चेस्टनटचाही त्रास होऊ शकतो, त्यांनी जपून.

संपादक महोदय, माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. या पाककृतीची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा; आतल्या पानाच्या तळाशी दोन ओळींत नको, कारण ज्यांनी कात्रण काढलं ते त्याच पानाकडे बघतात. आणि यापुढे टरफलाची, सालीची, कवचाची कुठलीही वस्तू मायक्रोवेव्हमध्ये करायला सांगणारी कृती आली तर तिच्यात वजन, वॅट आणि वाफेला वाट कुठून, या तीन गोष्टी असल्याशिवाय ती घेऊ नका. चीर ही त्या पदार्थाची पहिली पायरी आहे, ‘टिप’ म्हणून शेवटी देण्याची गोष्ट नव्हे. शक्य असेल तर येत्या रविवारीच छापा. कितीतरी घरांत ते कात्रण अजून फ्रिजला लावलेलं असेल.

ताईच्या घरी दोनशे ग्रॅम अजून उरले आहेत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, कागदात. तिची बोटं आता नीट वळतात. नातवानं मला विचारलं की तो लांब उभा राहिला तर चालेल का. शनिवारी मी जाणार आहे. चिरा मी देईन, मोजायचं काम त्याच्याकडे, सोळा म्हणजे सोळा, आणि मशीन लावायच्या आधी तो स्वयंपाकघराबाहेर.

आपली,
एक नियमित वाचक
(निवृत्त शालेय प्रयोगशाळा सहायक)